केसांची कड सरळ नसते : सलूनवाल्या बांधवांसाठी नव्या कामाचा पहिला धडा

सलूनचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या काही वाचकांनी अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. पुण्यात टक्कल पडलेल्या डोक्यावर मशीनच्या सुईने बारीक ठिपके भरून केस असल्याचा भास निर्माण करण्याचे काम आता बऱ्याच ठिकाणी होते. गिऱ्हाईक कटिंगला बसले की आरशात बघत विचारते, "तुमच्याकडे होते का हे?" तीन-चार दिवसांचे कोर्स निघाले आहेत, कोर्स करणाऱ्याला मशीनही तेथेच विकले जाते. तर हे काम आपण शिकावे काय, आणि शिकायचे तर कोठून सुरुवात करावी, असा हा प्रश्न आहे. एकेकट्याला उत्तर देण्यापेक्षा आम्ही येथे सविस्तर लिहीत आहोत.

या कामाचे नाव लांबलचक आहे : स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन. बाजारात त्याला कोणी ‘हेअर टॅटू’ म्हणतात. यात एकही केस उगवत नाही, हे प्रथम स्वतः समजून घ्यावे आणि गिऱ्हाइकालाही स्पष्ट सांगावे. डोके झिरो मशीनने बारीक केल्यावर केसांचे जे खुंट दिसतात, त्या एकेका खुंटाची नक्कल एकेका ठिपक्याने करायची, एवढेच हे काम आहे. त्याचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात गिऱ्हाईक डोके कायम बारीक ठेवते आणि ठिपके उरलेल्या खुंटांत मिसळून जातात. दुसऱ्यात केस लांब असतात पण विरळ झालेले असतात, आणि मधून दिसणारी पांढरी टाळू झाकण्यापुरते ठिपके भरले जातात. पहिल्या प्रकारात कपाळावरची कड नव्याने आखावी लागते, आणि सगळी परीक्षा तेथेच होते. टाळूवर दहा ठिपके चुकले तरी कोणाच्या लक्षात येत नाही. कपाळावर एक ओळ चुकली तर रस्त्यावरचे पोरगेही वळून बघते.

डॉक्टरी जगात हे तंत्र आधी शस्त्रक्रियेचे व्रण झाकण्यासाठी वापरले गेले. २००१ साली डॉ. ट्राक्विना यांनी त्यावर ‘डर्मॅटॉलॉजिक सर्जरी’ या नियतकालिकात लेख लिहिला. २०१३ साली अमेरिकेतील केशरोपणतज्ज्ञ डॉ. विल्यम रासमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टक्कलावरील उपयोगाची सविस्तर मांडणी केली. म्हणजे ही कला नवी आहे, आणि वीस-तीस वर्षांनी हे ठिपके कसे दिसतात याचा अनुभव जगात कोणाकडेच फारसा नाही. कोर्सवाला ‘आयुष्यभर टिकते’ म्हणाला तर एवढे ध्यानात ठेवावे.

मशीन घेण्याआधी आणखी एक गोष्ट. गोंदणारी व गोंदवून घेणारी, केसांना केस जोडणारी व जोडून घेणारी यांच्याविषयी बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये फार कडक शब्द आले आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्वचेत सुईने रंग भरणे हेच मुळी गोंदणे, मग ते चित्र असो की ठिपका, असे अनेक उलेमा म्हणतात. रंग काही वर्षांत विरून जाणारा असेल तर त्याचा वेगळा विचार करणारेही आहेत. भाजल्याचा किंवा अपघाताचा व्रण झाकणे आणि हौसेखातर कड खाली आणणे या दोहोंत फरक करणारेही आहेत, युद्धात नाक गमावलेल्या अरफजा (रजि.) यांना सोन्याचे नाक बसवण्याची परवानगी मिळाली, ती हदीस ते पुढे करतात. फतवा देणे हे व्यापाराच्या पानाचे काम नव्हे. मात्र विचारायला जाल तेव्हा मुफ्तीसाहेबांना पूर्ण माहिती द्या : सुई त्वचेत किती खोल जाते, रक्त येते की नाही, रंग किती वर्षे राहतो, शाईत काय काय असते (काही शायांत ग्लिसरीन असते, ते वनस्पतीचे की प्राण्याचे हे डबीवर नसले तर विक्रेत्याला विचारावे). ‘केसांना रंग लावायचे मशीन आहे’ असे अर्धवट सांगून आणलेले उत्तर उपयोगाचे नाही. आणि हे विचारणे पैसे गुंतवण्याच्या आधी व्हावे. मशीन दुकानात येऊन पडले की मन आपोआप सवलती शोधू लागते.

ज्यांना हे काम करायचेच नाही, त्यांनीही पुढचा मजकूर वाचावा असे आम्हांला वाटते. गिऱ्हाईक सल्ला आपल्यालाच विचारते. शिवाय कपाळाची कड कशी असते हे ज्याला कळले, त्याची कात्रीही सुधारते.

आता मुद्द्याकडे. आपला कारागीर लहान वयात दुकानात येतो तेव्हा काय शिकतो? कड काढायला शिकतो. मानेवर, कानामागे, कल्ल्यांवर, दाढीला. उस्ताद सांगतो, रेघ ओढल्यासारखी दिसली पाहिजे. हल्ली तर कपाळावरही ब्लेड लावून चौकोनी कोपरे काढण्याची फॅशन आहे. हाताला ही जी सफाई येते ती वर्षानुवर्षांच्या मेहनतीची आहे, आणि या नव्या कामात तीच आडवी येते. वस्तऱ्याने काढलेली सरळ कड आठवड्यात वाढते, मोडते आणि आपोआप नैसर्गिक होते. सुईने काढलेली कड वाढत नाही की मोडत नाही. ती सकाळी उठल्यावर तशीच, लग्नात तशीच, वडिलांच्या जनाजात तशीच. म्हणून आमचे म्हणणे असे की चांगल्या न्हाव्याला या कामात पहिला महिना शिकण्यात नव्हे, विसरण्यात घालवावा लागतो.

खऱ्या केसांची कड ही रेघ नसतेच. तो एक पट्टा असतो, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर रुंद. त्या पट्ट्यात कपाळाच्या बाजूला एकेकटे, बारीक, विखुरलेले केस असतात. जरा मागे ते जवळ येतात. त्याच्याही मागे एका छिद्रातून दोन-दोन तीन-तीन केस निघू लागतात आणि दाटी होते. कपाळ कोठे संपले आणि केस कोठे सुरू झाले हे नेमके बोट ठेवून सांगता येत नाही. तसे बोट ठेवता आले की बघणाऱ्याला काहीतरी खटकते, काय खटकते ते त्याला सांगता येत नसले तरी.

ही गोष्ट विग बनवणारे कारागीर फार पूर्वीपासून जाणतात. चांगल्या विगच्या पुढच्या बाजूला बारीक जाळी असते आणि तिच्यात केस एकेक करून गाठवलेले असतात. मागे गाठी दाट, पुढे विरळ, अगदी पुढे एकेकटा केस. मागची दाटी तशीच कडेपर्यंत आणली तर टोपी घातल्यासारखे दिसते. रंगभूषाकार विक्रम गायकवाड (त्यांचे २०२५ च्या मे महिन्यात निधन झाले) यांना ‘बालगंधर्व’ या २०११ च्या मराठी चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट ज्यांना पाहायला मिळेल त्यांनी नटाच्या कपाळावर, जेथे त्वचा संपून केस सुरू होतात तेथे, नजर ठेवून बघावे. पडद्यावर कपाळ दहा फूट रुंद होते. तेथे टिकते ते काम कसे असते, हे डोळ्यांना कळते.

त्याहून स्वस्त शाळा म्हणजे रस्ता. स्वारगेटला बसच्या रांगेत उभे राहा, किंवा जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवरून लोक उतरत असतात तेव्हा बाजूला थांबा आणि पन्नास कपाळे बघा. एकही कड दोन्ही बाजूंनी सारखी सापडणार नाही. एका बाजूचा कोपरा थोडा वर, दुसऱ्याचा थोडा खाली. मध्यभागी कोणाचे टोक पुढे आलेले, कोणाचे नाही. कडेवर लहान लहान खाचा, समुद्राच्या किनाऱ्याला असतात तशा. वहीत रोज दहा कपाळे पेन्सिलीने काढा. महिनाभर हे केल्याशिवाय सुईला हात लावू नये, असे आम्ही तरी आमच्या पोराला सांगू.

आता जागा. कड कोठे आखायची? यात आमच्या पाहण्यात सर्वांत मोठ्या चुका झालेल्या आहेत. गिऱ्हाइकाला खुर्चीवर ताठ बसवा, झोपवू नका. झोपल्यावर कपाळाची कातडी मागे सरकते. त्याला भुवया पूर्ण वर उचलायला सांगा. कपाळावर आठ्या पडतील. सर्वांत वरची आठी जेथे पडते, साधारण तेथपर्यंत पोरसवदा वयात केस असतात. वय वाढले की पुरुषाची कड त्या आठीच्या वर एक बोटभर, म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर सरकते. याला टक्कल म्हणत नाहीत. ही प्रौढ माणसाची कड आहे. आपली नवी कड या प्रौढ जागेच्या खाली कधीही नेऊ नये, आणि शंका असेल तर आणखी थोडी वर ठेवावी. भुवयांच्या मधल्या बिंदूपासून मोजले तर बहुतेक पुरुषांत ही जागा सात ते दहा सेंटिमीटरच्या दरम्यान येते, पण आम्ही टेपपेक्षा आठीवर जास्त भरवसा ठेवू. प्रत्येकाचे कपाळ वेगळे.

मग कानशिलाकडचे कोपरे. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सरळ वर एक रेघ मनात ओढा. कपाळाची कड आणि कानशिलाची कड जेथे मिळतात तो कोन साधारण या रेघेवर असतो. मधल्या बिंदूपासून या कोनाकडे जाताना कड सपाट न जाता हळूहळू वर चढते. पुरुषाचा हा कोन उघडा असायलाच हवा. तो बुजवून कानशिलापर्यंत गोल कड आणली की चेहरा बाईसारखा नाहीतर खेळण्यातल्या बाहुल्यासारखा दिसतो. नवशिक्या कारागिराला आणि हौशी गिऱ्हाइकाला, दोघांनाही नेमका हाच कोन बुजवायची घाई असते.

सर्व खुणा पांढऱ्या पेन्सिलीने करा. आरशात दाखवा. मग गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर उन्हात न्या, आणि तीन फुटांवरून समोरून व दोन्ही बाजूंनी फोटो काढा. ट्यूबलाइटखाली चांगली दिसलेली कड पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात उघडी पडते. टोपी घालणारे गिऱ्हाईक असेल तर टोपी घालूनही बघा. टोपीच्या खाली नेमका कडेचाच भाग दिसतो आणि तेथे कपडा घासतोही. आणि त्याच दिवशी सुई लावू नका. पेन्सिल पुसून टाका, फोटो त्याला घरी नेऊ द्या, घरच्यांना दाखवू द्या. जो एक रात्र थांबायला तयार नाही त्याचे काम न घेतलेलेच बरे.

एका तरुणाची हकीगत येथे सांगणे भाग आहे. वय पंचवीसच्या आतबाहेर, लग्न ठरण्याच्या बेतात. कोपरे मागे गेलेले, टाळू शाबूत. शाळेतल्या फोटोत होती तशी कड त्याला हवी होती, आणि कोणा कारागिराने ती काढून दिली : आठीला टेकलेली, सरळ, दाट, दोन्ही कोपरे काटकोनात. सहा महिने तो खूष होता. आम्ही त्याला भेटलो तोवर तीन वर्षे होऊन गेली होती. मधल्या काळात त्याचे स्वतःचे केस कडेच्या मागून आणखी विरळ झाले होते, म्हणून ठिपके पुढे आणि उघडी टाळू मागे असे उलटे दृश्य झाले होते. कडेचा रंग निळसर पडला होता. तो सलूनमध्येही टोपी काढायला लाजत होता. लेसरने ठिपके घालवता येतात, पण त्याला अनेक बैठका लागतात आणि घालण्यापेक्षा घालवायलाच पैसे जास्त लागतात. ज्याने काम केले त्याला फसवायचे नव्हते. गिऱ्हाइकाने मागितले ते त्याने दिले. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाने मागितले ते द्यायचे अशी रीत आहे, आणि कात्रीच्या कामात ती चालते, कारण कात्रीची चूक महिन्याभरात वाढून निघते.

डोक्याचे पुढे काय होणार हे पाहण्यासाठी हॅमिल्टन यांनी १९५१ साली केलेली व नॉरवूड यांनी १९७५ साली सुधारलेली टकलाची सात पायऱ्यांची मोजपट्टी आहे. तिचे चित्र दुकानात लावून ठेवावे. गिऱ्हाइकाच्या वडिलांचे, मामांचे, चुलत्यांचे डोके कसे आहे हे विचारावे. पंचविशीत तिसऱ्या पायरीवर असलेला माणूस चाळिशीत पाचवीवर जाऊ शकतो. कड आखताना त्या चाळिशीतल्या माणसासाठी आखायची. त्याचे केस पिकतीलही. करड्या दाढीवर कोळशासारखी काळी कड कशी दिसेल, याचा विचार आजच करायचा आहे.

ठिपक्यांच्या कामाबद्दल कागदावर शिकवता येते तेवढेच सांगतो. खोली फार थोडी असते, अर्धा ते एक मिलिमीटरच्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ नखाच्या जाडीइतकी. सुई त्यापेक्षा वर राहिली तर वरची कातडी महिनाभरात झडते आणि ठिपकाही झडतो. खोल गेली तर शाई पसरते, ठिपक्याचा डाग होतो, आणि काळा रंग कातडीतून निळा दिसू लागतो. आजीच्या हातावरचे गोंदण हिरवे-निळे का दिसते, याचे उत्तर बरेचसे यातच आहे. डोक्याची कातडी सगळीकडे सारखी नसते. कपाळाजवळ पातळ, मागे जाड, व्रणावर आणखी निराळी. एकच दाब सगळीकडे चालत नाही. सुई उभी धरावी, टेकवून लगेच उचलावी, ओढू नये. ओढली की ठिपक्याची शेपटी निघते.

कडेच्या पहिल्या ओळीला ओळ म्हणूच नये. कुठे दोन मिलिमीटर अंतर, कुठे चार. काही ठिपके पट्ट्यापासून सुटून पुढे पडलेले. ठिपके लहान आणि फिके. मागे सरकाल तसे ठिपके जवळ आणि किंचित गडद. हात नकळत रांग धरतो. दर दहा मिनिटांनी उठून दोन पावले मागे जावे आणि डोळे बारीक करून बघावे. रांग झाली असेल तर ती अशीच दिसते. सरावासाठी पाश्चात्त्य देशांत डुकराची कातडी वापरतात, तिची आपल्याला गरज नाही. सिलिकॉनचे सरावाचे तुकडे मिळतात, आणि मार्केट यार्डातली मोसंबी त्याहून स्वस्त आहे. मोसंबीच्या सालीवर दाब चुकला की रस येतो आणि चूक लगेच कळते.

रंग निवडताना डोक्यावरचा लांब केस बघू नये. मागच्या बाजूला, जेथे टक्कल पडत नाही, तेथले केस झिरो मशीनने काढून जो खुंट दिसतो त्याच्याशी रंग जुळवावा. शुद्ध काळा कधीही वापरू नये. पहिल्या बैठकीत हात राखून, फिकेच काम करावे. साधारण तीन बैठका लागतात आणि दोन बैठकांत आठवडा ते पंधरवडा अंतर ठेवतात. पहिली झाल्यावर गिऱ्हाईक म्हणेल, ‘काहीच दिसत नाही.’ म्हणू द्यावे. गडद करणे नेहमी हातात असते, फिके करणे नसते. काम चांगले झाले तर ते काही वर्षे टिकते, मग फिके होते आणि पुन्हा हात फिरवावा लागतो.

कोणाचे काम घेऊ नये, हेही शिकण्याचाच भाग आहे. डोक्यावर चाई पडली असेल, म्हणजे गोल चट्टे, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ससूनमध्ये त्वचाविभाग आहे, तेथे गरिबालाही दाखवता येते. चाईचे केस पुष्कळदा परत येतात, मग खाली ठिपके कशाला? ज्यांच्या जखमेवर जाड गाठ उठते, ज्यांची साखर ताब्यात नाही, जे रक्त पातळ करणारी गोळी घेतात, ज्यांच्या डोक्यावर पुरळ किंवा सोरायसिस आहे, त्यांना डॉक्टरच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नये. काळ्या मेहंदीची किंवा केसांच्या रंगाची ॲलर्जी झालेल्या माणसाला कानामागे एक-दोन ठिपके देऊन महिनाभर थांबावे. बधिर करण्याचे इंजेक्शन सलूनवाल्याने कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. ठिपक्यांच्या कामाबरोबर केशरोपणही ‘हळूहळू’ सुरू करू, असा मोह काहींना होतो. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढून ते काम प्रशिक्षित डॉक्टरांचेच असल्याचे सांगितले आहे.

सुई एका माणसाला एकच. धुऊन, उकळून, स्पिरिटने पुसून दुसऱ्याला नाही. कावीळ ‘ब’ चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहतो. पुन्हा वापरायची धातूची साधने ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर किमान पंधरा मिनिटे ठेवावी लागतात. शाई प्रत्येकासाठी नव्या छोट्या वाटीत, उरलेली फेकून द्यायची, डबीत परत ओतायची नाही. कारागिराने स्वतः कावीळ ‘ब’ ची लस घ्यावी. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात. आणि वापरलेली सुई कचऱ्याच्या बादलीत टाकू नये. आपल्या दारचा कचरा ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक भगिनी हाताने निवडतात. सुया जाड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात साठवाव्यात आणि जवळच्या दवाखान्याशी बोलून त्यांच्या वैद्यकीय कचऱ्यातून पाठवाव्यात. यासाठी दवाखान्याने थोडे पैसे मागितले तर ते कामाच्या दरात धरावेत.

दराचा विषय निघालाच आहे, तर हिशेब करू. तीन बैठका, प्रत्येकी तीन तास धरले तर नऊ तास. आखणीचा आणि उन्हात उभे राहण्याचा एक तास. म्हणजे दहा तास एक खुर्ची अडकली. त्या खुर्चीवर तासाला दोन डोकी होत असतील तर वीस कटिंग गेल्या. या वीस कटिंगचे पैसे हा दराचा तळ झाला. त्यावर सुया, शाई, हातमोजे, वर्षभरात एकदा फुकट करून द्यावी लागणारी दुरुस्ती, आणि मशीनची झीज. त्यावर आपली मजुरी. हे सगळे मांडून जो आकडा येतो त्याच्या निम्म्यात काम करून देणारा शेजारी असेल, तर तो सुई वाचवत असेल नाहीतर वेळ. चौरस इंचावर दर लावण्याची पद्धत आम्हांला पटत नाही. तिच्यामुळे कारागिराला कड खाली आणण्याचा मोह होतो, कारण जितकी कड खाली तितके इंच जास्त. दर एका डोक्याचा असावा. मशीनसाठी व्याजी कर्ज काढण्याचे तर कारणच नाही; जे काम पहिल्या वर्षी महिन्याला एखादे मिळेल, त्यावर हप्ता कसा फिटणार?

काम झाल्यावरच्या सूचना कागदावर छापून द्याव्यात. तीन-चार दिवस डोके भिजवायचे नाही, घाम आणायचा नाही, खपली खरवडायची नाही, ऊन टाळायचे. पुण्यात यात सर्वांत अवघड अट हेल्मेटची आहे. ताज्या कडेवर हेल्मेट घासले की पुढचेच ठिपके जातात, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवायला आपण सांगू शकत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला ते चार दिवस गाडी घरी ठेवायला सांगावे, रिक्षा-बसने यायला सांगावे; शक्यतो बैठक गुरुवार-शुक्रवारी घ्यावी, म्हणजे सुट्टी मध्ये येते. वजूमधल्या मसहचे काय आणि गुसलचे काय, हेही मुस्लिम गिऱ्हाईक विचारणार; त्याचे उत्तर मुफ्तीसाहेबांकडून आधीच आणून ठेवावे. लग्नाळू मुलगा असेल तर एकांतात एवढे सांगावे की, मुलीकडच्यांना ही गोष्ट आधी कळू दे.

प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक कार्ड ठेवा. त्यावर आखणीचा फोटो, आठीपासून कडेचे अंतर, शाईचे नाव व बॅच, किती पातळ केली ते, कोणत्या सुया, कोणत्या तारखा, आणि गिऱ्हाइकाची सही. शेवटच्या बैठकीनंतर चार आठवड्यांनी त्याला स्वतः फोन करून बोलवा, उन्हात उभे करा, आणि त्याच तीन फुटांवरून पुन्हा फोटो काढून पहिल्या फोटोशेजारी चिकटवा. एक वर्षाने पुन्हा. दहा कार्डे झाली की ती घेऊन एखाद्या जुन्या, अनुभवी कारागिराकडे जावे आणि त्याला विचारावे, यातली कोणती कड तुम्हांला ओळखू येते?